वजनाचं ऑपरेशन: धोका नक्की किती धरायचा?

कोथरूडकर:
वहिनीचं वजन ११२ किलो, उंची ५ फूट २ इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४५ च्या वर. शुगर आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावून झोपते. डॉक्टरांनी वजन उतरवायला स्लीव्ह, म्हणजे जठर कापून नळीसारखं लहान करायचं ऑपरेशन, सुचवलंय आणि घरात दोन तट पडलेत. माझं स्पष्ट मत, करू नये. जठराचा पाऊण भाग किंवा जास्तच कापून काढतात, तो परत येत नाही. माहितीपत्रकात नुसतं 'सुरक्षित, तीन दिवसांत घरी'. अहो, तीन दिवसांनंतरचं सांगा की!

सिंहगड रोडवाली:
दादा, काळजी कळते, पण न करण्यात धोकाच नाही असं धरून चाललायत तुम्ही. शुगर आणि झोपेतला श्वास, दोन्ही हार्टवर येणारच ना कधीतरी. स्वीडनमध्ये ऑपरेशन केलेले २,०१० आणि न केलेले २,०३७ जण सरासरी ११ वर्षं बघितले, केलेल्यांत १०१ मृत्यू, न केलेल्यांत १२९. अमेरिकेतल्या २००९ च्या अभ्यासात ४,७७६ पेशंटपैकी पहिल्या ३० दिवसांत ०.३ टक्के दगावले. हे आकडे जाहिरातीतले नाहीत.

कोथरूडकर:
वाचलेत मी. त्याच अमेरिकेच्या अभ्यासात ४.३ टक्के लोकांना मोठा त्रास झाला, रक्ताची गुठळी, परत ऑपरेशन वगैरे, ते का नाही लिहिलं? आणि तिथे बहुतेक बायपास (हार्टचा नाही, जठर लहान करून आतड्याला जोडतात तो) आणि बँडवाले (जठराला पट्टा बसवलेले) होते, स्वीडनमध्येही जुन्या पद्धतीची ऑपरेशनं. वहिनीला स्लीव्ह सांगितलंय, मग ते आकडे तिला जसेच्या तसे कसे लावायचे?

सिंहगड रोडवाली:
हे मात्र बरोबर बोललात, मान्य.

धायरीची मावशी:
माझं चार वर्षांपूर्वी स्लीव्ह झालंय म्हणून लिहिते. ३४ किलो उतरलं, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, पर्वती चढते. पण सुरुवातीला वाटीभर मुगाचं वरण संपवायला अर्धा तास लागायचा, घाई केली की छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं आणि सगळं उलटून पडायचं. तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके. बी १२, लोह, कॅल्शियम, डी जन्मभर बघावं लागतं, मी एक वर्ष हयगय केली तर हातापायाला मुंग्या यायला लागल्या. आणि ॲसिडिटी! आधी थोडी होती, आता उशा उंच करूनच झोपते. स्लीव्हने ती वाढू शकते हे मला आधी कोणी धड सांगितलं नाही त्याचाच राग आहे, ऑपरेशनचा नाही. वहिनींना जळजळ होते का?

कोथरूडकर:
हो मावशी, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते.

धायरीची मावशी:
मग आधी एंडोस्कोपी करून घ्या आणि स्लीव्ह का, बायपास का नाही, हे तोंडावर विचारा. त्या सर्जनच्या स्वतःच्या पेशंटमध्ये लीक (जठराच्या टाक्यांतून गळती) किती झाले, पाच वर्षांनी किती जण तपासणीला येतात, तेही. उत्तर टाळलं तर दुसरा सर्जन गाठा, पुण्यात काय तोटा आहे!

कोथरूडकर:
शनिवारी अपॉइंटमेंट आहे, मी स्वतः बरोबर जातो. पण माझा होकार अजून नाही.