गोळ्या टाळतात की टळतात?

गरोदरपणात मलेरिया होऊ नये म्हणून टांझानियात एसपी नावाच्या गोळ्या देतात. 'बायकाच घाबरतात म्हणून या गोळ्या टाळतात' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. तिथे म्वांझाला असताना बायको गरोदर होती, तेव्हा तिच्यासोबत दवाखान्याच्या बाकावर बसून जे पाहिलं ते सांगतो. एसपीच्या (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) तीन गोळ्या नर्ससमोर एकदम गिळायच्या असतात. चौथ्या महिन्यापासून सुरुवात, दोन डोसांत किमान महिन्याचं अंतर, बाळंतपणापर्यंत निदान तीन डोस. त्या दिवशी टेबलावर प्लास्टिकचा एकच पेला आणि बादली रिकामी! मग काय, गोळ्या कागदात गुंडाळून हातात, 'घरी जेवून घे'. खरं तर एसपी उपाशीपोटीही चालते. घरी नेलेल्या किती पुड्या उघडल्या जात असतील देव जाणे. यात त्या बायकांचा काय दोष?

फॉलिक अ‍ॅसिडचा मुद्दा मात्र कुणीच काढत नाही. सासूबाईंनी पुण्याहून ५ मिलिग्रॅमच्या स्ट्रिपा पाठवल्या होत्या, आपल्याकडे सर्रास देतात त्याच. नर्सनं स्ट्रिप उलटीसुलटी करून पाहिली आणि सरळ बाजूला ठेवली. एसपी मलेरियाच्या परजीवीला फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच एक रूप) तयार करू देत नाही, त्यामुळे फॉलिकचा एवढा मोठा डोस सोबत असेल तर तिचा असर कमी होतो. रोज ०.४ मिलिग्रॅम चालतं. भारतात गरोदर बाईला प्रतिबंध म्हणून एसपी देण्याची पद्धतच नाही, त्यामुळे आमच्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनाही हे फोनवर ऐकून नवलच वाटलं.