मदत हवी आहे: वॉर्डातील फार्म.डी. विद्यार्थ्यांनी सूचना कशी मांडावी?

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका रुग्णालयात फार्म.डी. या औषधशास्त्रातील सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप करत आहे. हा अभ्यासक्रम भारतात २००८ साली सुरू झाला, तरी राउंडच्या वेळी आम्ही नेमके कोण, हा प्रश्न आजही अनेकांच्या चेहऱ्यावर दिसतो.

गेल्या आठवड्यात वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) चालू असलेल्या एका आजोबांना मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरील औषध) लिहिलेले दिसले. ही दोन औषधे एकत्र दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे मी सांगितले तेव्हा सिस्टरांनी लगेच ऐकून घेतले, परंतु निवासी डॉक्टरांना ते माझ्या अधिकाराबाहेरचे वाटले. (पुढे आयएनआर ही रक्त गोठण्याची चाचणी करून औषध बदलले गेले, याचे मला मनापासून समाधान आहे.)

गटातील डॉक्टरांनी व परिचारिकांनी कृपया मोकळेपणाने सांगावे: अशी सूचना आधी कोणाला द्यावी, आणि ती रुग्णासमोर न बोलता केसपेपरवर नोंदवलेली आपल्याला अधिक योग्य वाटते का?