प्रतिसाद: सहकारी प्रकाशन म्हणजे पदरमोड करून पुस्तक छापणं नव्हे

वर कुणीतरी म्हटलंय की सहकारी प्रकाशन (लेखकांनीच सभासद होऊन मिळून चालवलेलं प्रकाशन) म्हणजे शेवटी पदरचे पैसे घालून स्वतःचं पुस्तक छापणंच. मला हे पटत नाही. पैसे देणाऱ्याला नकार देता येत नसेल तर ते छपाईचं दुकान. सभासदाचंही हस्तलिखित परत पाठवता येत असेल तर ते प्रकाशन. खरा फरक तिथे आहे.

आणि हे काही स्वप्नरंजन नाही. केरळात कोट्टायमला १९४५ साली लेखकांनीच साहित्य प्रवर्तक सहकारी संस्था काढली. अमेरिकेत १९७३ मध्ये काही कवींनी मिळून 'अ‍ॅलिस जेम्स बुक्स' सुरू केलं. तिथे कवीने संस्थेच्या कामातही वाटा उचलायचा, अशी पद्धत होती.

कवींनी मिळून अशी संस्था काढायची असेल तर पुस्तकांच्या निवडीचा नियम मात्र आधीच लिहून ठेवा. ज्याचा संग्रह विचारात आहे त्याने त्या बैठकीत बसायचं नाही, आणि वाचणाऱ्यांकडे हस्तलिखित नावाशिवाय जावं. (लहान गावात शैलीवरून नाव कळतंच, पण तरीही.) हे नसेल तर दोन वर्षांत सगळे एकमेकांची पुस्तकं काढत बसतात.

छपाईची काळजी कमी करा. कवितासंग्रह सोळा पानी पाच फॉर्म्यांत (फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं), म्हणजे ८० पानांत, सहज बसतो आणि आता मागणीनुसार थोड्या प्रतीही छापता येतात. अडतं ते वितरणात. विक्रेत्याला द्यायची सवलत, उधारी, न विकता परत आलेले गठ्ठे हे सगळं सांभाळणारा माणूस कवी नसला तरी चालेल, हिशेबाला पक्का हवा. त्याला मानधन द्या, फुकट राबवू नका.