सरकारी आरोग्यसेवेमुळेच डॉक्टर परदेशी जातात का?

गंगापूररोडची आई
लेक सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. आता बंधपत्राचं एक वर्ष सरकारी दवाखान्यात सेवा करायची, नाहीतर दहा लाख भरायचे. ती प्लॅबचा, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांना इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करायला द्यावी लागते त्या परीक्षेचा, अभ्यास करतेय; इंग्लंडला जायचं म्हणते. माझे दीर म्हणतात, "दवाखाने सरकारनं चालवले की डॉक्टर पळणारच." पण ती जिथं निघालीय ती एनएचएस, म्हणजे तिथली आरोग्यसेवा, तीसुद्धा सरकारीच ना? मी स्वतः सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, म्हणून हे बोलणं फार लागलं. जाणकारांनी सांगावं.

नाशिकरोडकर
ताई, मी एनएचएसमध्ये नोकरी करून परत आलोय. तुमचे दीर म्हणतात ते अर्धंच खरं. ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली आणि पुढच्या वीस वर्षांत बरेच ब्रिटिश डॉक्टर कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला गेले. कन्सल्टंटच्या, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरांच्या, जागा मोजक्या, वर सरकायला वर्षानुवर्षं थांबायचं. त्यांच्या रिकाम्या जागांवर आपले लोक गेले. एकाच सरकारी व्यवस्थेतून तिथले बाहेर पडत होते आणि आपले आत शिरत होते. आजही तिथले तरुण डॉक्टर ऑस्ट्रेलियाला जातात, आणि तिथं ते बहुतेक सरकारी रुग्णालयांतच नोकरी करतात! पगार आणि ड्यूटीचे तास बरे असतात, म्हणून.

पंचवटी
कॅनडाचंही बघा. १९६२ मध्ये सस्कॅचेवान प्रांतात सरकारी आरोग्य विमा आला, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. काही प्रांत सोडूनही गेले. सरकारनं गरज भागवायला डॉक्टर आणले ते ब्रिटनमधूनसुद्धा.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
मी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ या दुर्गम भागात नोकरी केली. सरकारी शिक्क्याला कंटाळून गेलेला डॉक्टर मी तरी पाहिला नाही. रात्री अडलेली बाई येते, सिझेरियन करायला हवं हे कळत असतं, पण भूलतज्ज्ञ नाही. मग १०८ बोलवायची आणि घाटातून नाशिकच्या सिव्हिलला पाठवायचं. आपल्याला येतं ते करता येत नाही, ही बोच मुलांना आतून खाते. त्यात क्वार्टर गळकं, ऑर्डर कंत्राटी, पगार उशिरा. एका केंद्रात माझ्या हाताखालच्या मुलीला पावसाळाभर औषधांच्या खोलीत झोपावं लागलं. चांगली डॉक्टर होती, पुढे आयर्लंडला गेली. तिला मी कधीच दोष देणार नाही.

आणि खाजगीत सगळं आलबेल असतं तर तिथले डॉक्टर गेले नसते. पीजीच्या जागा कमी, खाजगी कॉलेजची फी आवाक्याबाहेर, हेही कारण मोठं आहे. दिरांना विचारा, सुरगाण्यात सरकारी केंद्र नसेल तर विंचू चावलेलं पोर कुठं न्यायचं? भूलतज्ज्ञाची जागा भरा, राहायला धड घर द्या, पगार महिन्याच्या महिन्याला करा. हे सरकारच करू शकतं, म्हणून मागायचंही सरकारकडेच.

नाशिकरोडकर
सरांशी सहमत. एक सांगतो ताई, इंग्लंडमध्येही आता ट्रेनिंगच्या जागांसाठी प्रचंड चुरस आहे. प्लॅब पास होऊन नोकरीविना बसलेली मुलं मला माहीत आहेत. परीक्षेची फी भरण्याआधी तिनं तिथल्या दोन-तीन नवख्या डॉक्टरांशी बोलावं.

गंगापूररोडची आई
सगळ्यांचे आभार. लेकीला वाचून दाखवलं. प्लॅब सोडणार नाही म्हणाली, पण बंधपत्राचं वर्ष करणार आहे. सर, सुरगाणा-पेठकडे कुठल्या केंद्राचं क्वार्टर राहण्याजोगं आहे आणि कुठं रात्री दुसरं कुणी ड्यूटीवर असतं, एवढं कळवाल का?