पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्यांना समाजकार्याचं प्रशिक्षण द्यावं का?

पॅनेलवकील
तुरुंगात शिकवायचं म्हटलं की आपल्याकडे सुतारकाम, शिवण, हातमाग, बेकरी. दिवाळीच्या तोंडावर येरवड्याला प्रदर्शन भरतं, आपण एखादी सतरंजी घेतो. माझं म्हणणं वेगळं आहे. जे काम या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, ते शिकवा.

मी विधी सेवेच्या, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीच्या, पॅनेलवर आहे, आठवड्यातून एकदा एका कारागृहात जातो. मध्यंतरी एक पोरगा समोर आला. मोबाइलचोरीची केस. जामीन मंजूर होऊन चार महिने झालेले, पण पंधरा हजारांचा जामीनदार कुठून आणणार? आई ऊसतोडीला गेलेली. त्याचा अर्ज लिहिला होता एका पक्क्या कैद्यानं. कागद दुमडून पाडलेला समास, वर 'मा. न्यायालयाच्या सेवेशी', आणि खाली सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाचा हवाला: जामीन होऊन सात दिवसांत सुटका नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिना उलटला तर कोर्टानं अटी सैल करण्याचा विचार करायचा. हे काम माझं होतं. मी तो आदेश वाचला होता, या पोराला लावला नव्हता.

तो कैदी नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २००९ च्या योजनेतला विधी स्वयंसेवक. शिकलेल्या, लांब शिक्षेच्या कैद्यांना त्यात प्रशिक्षण देता येतं. माझा प्रश्न: हे आणखी पुढे न्यावं का? समुपदेशन, व्यसनमुक्ती, सुटून आलेल्यांची सोय लावणं, आणि सुटल्यावर याच कामात पगाराची नोकरी?

कोठडीपलीकडे
विरोध. माझे वडील तुरुंगात शिपाई होते. ते म्हणायचे, चावी आपल्याकडे, पण बराक रायटरची, म्हणजे लिखापढी करणाऱ्या कैद्याची. ज्याच्या हातात कागद, त्याच्या हातात सत्ता. आज तो फुकट अर्ज लिहितोय, उद्या बिडीबंडलावर लिहील, परवा पोराच्या आईकडून बाहेर पैसे घेतले जातील. तुम्हाला आठवड्याच्या एका फेरीत हे दिसणार नाही वकीलसाहेब, राग मानू नका.

पॅनेलवकील
राग नाही, ही भीती खरी आहे. म्हणून तर रीतसर प्रशिक्षण आणि नोंदवही हवी म्हणतोय. रायटर तसाही असतोच, कोणी नेमो न नेमो. देशातले चारातले तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेले. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीत ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मुळे पहिल्यांदाच आत आलेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद सोडले तर, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटका मागता येते. कोणाचा तिसरा हिस्सा कधी भरतो हे बराकीत झोपणाराच मोजेल.

मुठा_काठची
पुण्यातलं मुक्तांगण बघा. १९८६ पासून तिथं व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्या रुग्णांना हाताळतात. माझ्या काकांना डॉक्टरांचं एक अक्षर पटलं नाही. "मीही तीन वेळा घसरलोय" म्हणणाऱ्या एका माणसापुढे मात्र ते ढसाढसा रडले. भोगलेल्याचा शब्द वेगळा लागतो.

कोठडीपलीकडे
दारुड्यानं स्वतःचं घर बुडवलेलं असतं, याने दुसऱ्याचं. तुलना ओढूनताणून आहे.

एमएसडब्ल्यू_नाशिक
मी पदवी घेऊन सात वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करतेय, आणि तुम्ही या क्षेत्रात नोकऱ्या वाटायला निघालात! बरं, घेणार कोण? पोक्सोच्या (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेला कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणजे बालगृह, वसतिगृह, शाळा ही दारं बहुतेकांना बंद. उरतं काय? व्यसनमुक्ती, विधी सेवा, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'सारखे मोजके प्रकल्प. प्रयास १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतंय, पण असे किती? हातात प्रमाणपत्र देऊन माणसाला रस्त्यावर सोडणं मला क्रूर वाटतं. सुतारकाम शिकलेल्याला निदान कोणी चारित्र्याचा दाखला मागत नाही.

पॅनेलवकील
या प्रतिसादाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मुलांच्या संस्थांबाबत शंभर टक्के सहमत.

उंडगा
अवांतर: तुरुंगात कोणी झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा हे कारागृहांच्या नियमावल्या जातीवरून ठरवत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या तरतुदी रद्द केल्या, म्हणजे परवापर्यंत हे चालू होतं. तेव्हा लेखणी कोणाला मिळणार आणि खराटा कोणाला, तेही बघा. 'शिकलेला कैदी' या अटीतच निम्मी चाळण झालेली असते.

अबोली७१
इतका वेळ नुसती वाचत होते. माझ्या मावसभावाचा खून झाला, त्याला नऊ वर्षं झाली. भरपाईसाठी मावशीनं एका कार्यालयाच्या इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई तिला नावानं ओळखायला लागला. तिला समुपदेशक भेटला नाही, अर्ज लिहून देणारा तर नाहीच. भावाला मारणाऱ्यानं आत बीए केलं, पेपरात फोटो आला. माझा शिक्षणाला विरोध नाही. पण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कैद्यांच्या मजुरीतला वाटा पीडितांच्या घरच्यांसाठी बाजूला काढायचा कायदा करा असं सुचवलं होतं, तो आमच्या दारापर्यंत आलेला मी तरी पाहिला नाही. आधी आमचा अर्ज कोण लिहितंय ते सांगा, मग त्यांच्या नोकरीचं बोलू.

मुठा_काठची
अबोलीताई, माझा प्रतिसाद फार सोपा होता. माफ करा.

पॅनेलवकील
अबोलीताई, मावशींची फाइल कुठे अडकली आहे ते व्यनि करा. पैसे घेणार नाही. धाग्याचं उत्तर म्हणून हे देत नाहीये.

अबोली७१
करते. एक विचारू? तो अर्ज लिहिणारा कशात आहे?

पॅनेलवकील
३०२. जन्मठेप.

अबोली७१
वाटलंच होतं. माझं मत तेच राहणार. त्या चोरीवाल्या पोराचं काय झालं?

पॅनेलवकील
जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. आईला कळवायला फोन लावला तर ती फडात होती, मुकादमानं निरोप दिला.