ट्रान्सफॉर्मरची डिलिव्हरी ११ महिने सांगतायत, ऑर्डर कशी बांधू?

चाकणचा_परचेसवाला:
नमस्कार मंडळी. सहा वर्षं चाकणला ऑटो कंपनीत परचेस केलं, आता तीन महिने झाले एका ईपीसी कंपनीत (डिझाइन, खरेदी, उभारणी सगळं करून देणारी) आलोय. धाराशिव जिल्ह्यात ५० मेगावॅटचा सोलर प्रोजेक्ट आहे, १३२ केव्हीला जोडायचाय, म्हणजे ३३/१३२ चा ६० एमव्हीएचा एक पॉवर ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, सीटी-पीटी, स्ट्रक्चर, केबल, क्लॅम्प सगळी खरेदी माझ्याच गळ्यात. ट्रान्सफॉर्मरला दोन चांगली कोटेशन आलीत. एल-वनवाला (सगळ्यात कमी किमतीचा) पीव्ही मागतोय, म्हणजे कच्च्या मालाचे भाव बदलले की किंमतही बदलणार, डिलिव्हरी ११ महिने. दुसरा थोडा महाग आहे पण फर्म रेट देतोय, १० महिने म्हणतो. आमचं ओनरबरोबरचं काँट्रॅक्ट फर्म प्राइसचं आहे आणि उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के एलडी, म्हणजे उशिराची भरपाई. साहेब म्हणतात एल-वनला बोलव, अजून घासाघीस कर आणि पीओ (खरेदीची ऑर्डर) काढून मोकळा हो. ऑटोमध्ये मी हेच करायचो पण इथे काहीतरी चुकतंय असं सारखं वाटतंय. कोणी ही कामं केली असतील तर सांगा प्लीज.

सबस्टेशन_काका:
बरं झालं पीओ काढायच्या आधी विचारलंस. २२ वर्षं हेच करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ते ११ महिने कधीपासून मोजायचे ते बघ. पीओच्या तारखेपासून नसणार, कोटेशनच्या खालच्या अटी वाच, "ड्रॉइंग अप्रूव्हल आणि अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून" असंच लिहिलेलं असतं. आणि खरे महिने तिथेच गळतात. व्हेंडर ड्रॉइंग पाठवतो, तुमचा डिझाइनवाला दहा दिवसांनी उघडतो, ओनरचा कन्सल्टंट कॉमेंट टाकतो, परत रिव्हिजन, यात दोन महिने गेलेले मी पाहिलेत आणि तोपर्यंत व्हेंडरने सीआरजीओची (कोअरच्या खास स्टीलची) एक शीटसुद्धा बुक केलेली नसते. त्यामुळे ड्रॉइंग कोण किती दिवसांत देणार आणि तुम्ही किती दिवसांत परत करणार हे पीओतच लिही.

पीव्हीला घाबरू नकोस, पण बांधून घे. आयीमाचा (इलेक्ट्रिकल उत्पादकांच्या संघटनेचा) फॉर्म्युला असतो, त्यात तांबं, सीआरजीओ, तेल, स्टील, मजुरी यांचे दर महिन्याचे आकडे लागतात. बेस महिना कुठला ते स्पष्ट कर, वर सीलिंग लाव, आणि दर उतरले तर पैसे आपल्याला परत मिळतील असं लिहून घे. अजून एक अट विसरू नकोस, त्याच्याकडून उशीर झाला तर ठरलेल्या तारखेचा आणि प्रत्यक्ष डिस्पॅचचा यातला कमी भाव धरायचा. नाहीतर उशीर त्याचा आणि वाढलेला भाव तुमच्या डोक्यावर. फर्म रेटवाल्याने ही जोखीम आधीच किमतीत धरलेली असते, तुमचं ओनरशी फर्म आहे म्हणून तो फरक किती पडतो ते कागदावर मांड.

आता सांग, दोघांच्या जीटीपीत (गॅरंटी दिलेल्या तांत्रिक आकड्यांच्या तक्त्यात) नो-लोड लॉस, म्हणजे लोड नसतानाही नुसतं चार्ज राहण्यात जाणारी वीज, किती आहे?

चाकणचा_परचेसवाला:
काका, एल-वनचा ३६ किलोवॅट, दुसऱ्याचा २८. हे मी बघितलंच नव्हतं, फक्त किंमत आणि डिलिव्हरीचा कॉलम केला होता.

सबस्टेशन_काका:
मग आठ किलोवॅटचा फरक झाला. ट्रान्सफॉर्मर चोवीस तास चार्ज राहतो, वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे वर्षाला ७०,०८० युनिट नुसतेच जातात, २५ वर्षांत साडेसतरा लाख. आणि सोलरमध्ये तर रात्री प्लांट काहीच बनवत नाही, तेव्हाचं हे लॉसचं युनिट ग्रिडमधून विकत घ्यावं लागतं. ओनरच्या टेंडरमध्ये लॉस कॅपिटलायझेशनचा दर (एक किलोवॅट लॉसमागे किमतीत किती रुपये धरायचे तो) दिलेला असेल तर तो लावून परत एल-वन काढ, कदाचित एल-वन बदलेल. साहेबांनाही तोच तक्ता दाखव.

एलडीचं पण एक सांगतो. व्हेंडरची एलडी त्याच्या ऑर्डरच्या पाच टक्के, तुमची अख्ख्या काँट्रॅक्टच्या पाच टक्के. त्याच्याकडून सगळी वसूल केलीस तरी तुमचं भरून निघणार नाही. म्हणून एलडीच्या भरवशावर बसू नकोस, महिन्यातून एकदा फॅक्टरीत माणूस पाठव, कोअर रचला का, वाइंडिंग सुरू झालं का हे डोळ्यांनी बघून येऊ दे.

क्यूए_ताई:
मी इन्स्पेक्शनला जाते म्हणून थोडं. टाइप टेस्टचे (डिझाइन सिद्ध करणाऱ्या चाचण्यांचे) रिपोर्ट ऑर्डरच्या आधी मागव, शॉर्ट सर्किट टेस्ट तुझ्याच रेटिंगची की दुसऱ्याच मॉडेलची हे नीट बघ. एफएटीची (फॅक्टरीतल्या अंतिम चाचणीची) तारीख १५ दिवस आधी कळवायची अट टाक, नाहीतर आदल्या दिवशी फोन येतो.

आणि डिस्पॅच. मोठा ट्रान्सफॉर्मर तेल काढून नायट्रोजन किंवा ड्राय एअर भरून पाठवतात, अंगावर इम्पॅक्ट रेकॉर्डर लावतात. एका साइटवर गाडी आली तेव्हा रेकॉर्डरची बॅटरी मेलेली होती आणि नायट्रोजनचा काटा शून्यावर. वाटेत धक्का बसला की नाही, ओल गेली की नाही, कोणीच सांगू शकेना. आतून तपासणी, एफआरए (वाइंडिंग हललं का ते बघणारी टेस्ट), ड्राय-आउट (ओल काढणं) यात सहा आठवडे गेले. आता मी स्वतः गाडी निघायच्या आधी रेकॉर्डर आणि प्रेशर दोन्हीचा फोटो काढते आणि ट्रेलर उतरवायच्या आधी परत काढायला लावते. पॅकिंग लिस्टप्रमाणे लाकडी पेट्याही मोज, बुशिंग, रेडिएटर, गॅस्केट वेगळ्या येतात.

साइटवरचा_मराठवाडा:
धाराशिवची काळी माती लक्षात ठेवा भाऊ. जून उजाडला की ट्रेलर रस्त्यावरून फाउंडेशनपर्यंत जातच नाही, आमचा नऊ दिवस अर्ध्या वाटेत उभा होता, खाली मुरूम टाकून टाकून काढला. डिलिव्हरी मे अखेर येत असेल तर आतला रस्ता आधी करून घ्या, रूट सर्व्हेत पूल आणि वरच्या तारा बघायला लावा.

आणि क्लॅम्प!! आमच्याकडे ड्रॉइंगची रिव्हिजन आली, बसबारला (सबस्टेशनच्या मुख्य तारांना) पँथरच्या जागी झेब्रा कंडक्टर झाला, परचेसला कोणी सांगितलंच नाही. पँथर २१ मिलिमीटर, झेब्रा २८.६२, क्लॅम्प हातात धरला तर कंडक्टर आतच बसेना. ट्रान्सफॉर्मर उभा, ब्रेकर उभा, आणि चार्जिंग थांबलं क्लॅम्पसाठी. प्रत्येक रिव्हिजनची कॉपी परचेसला आलीच पाहिजे असं करून घ्या.

छोटा_फॅब्रिकेटर:
स्ट्रक्चर आणि अर्थिंगची पट्टी आमच्यासारखे लोक देतात. मोठ्या व्हेंडरला अ‍ॅडव्हान्स वेळेवर जातो, आमचं बिल मात्र चार-चार महिने टेबलावर. २००६ च्या एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत, उशिराला बँक रेटच्या तिप्पट व्याज आहे, पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर जाते म्हणून कोणी मागत नाही. तुम्ही नवीन आहात, ही सवय लावू नका. पैसे अडकले की मी तुमच्या पुढच्या लॉटसाठी झिंक आणि स्टील कुठून आणू?

चाकणचा_परचेसवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. टेंडर उघडून बघितलं, लॉस कॅपिटलायझेशनचा दर खरंच दिलाय, तो लावल्यावर दुसरा व्हेंडरच स्वस्त पडतोय, पीव्हीची वाढ अजून धरलीच नाहीये. तक्ता करून सोमवारी साहेबांपुढे ठेवतो. काका, ड्रॉइंग परत करायला आपण १० दिवस लिहावेत की ७? आमचा डिझाइनवाला एकटाच आहे.

सबस्टेशन_काका:
१० लिही, आणि पहिलं ड्रॉइंग येईल त्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बस.