अनुभव धागा : बल्क अपलोड केलं, फोटो कुठे गेले?

मंडळी, दिवाळी जवळ आली की दुकान ऑनलाइन नेणाऱ्यांची लगबग सुरू होते. मग फोन येतात : "एक्सेलच्या शीटवरून सगळा माल एकदम चढला, फोटो का नाही चढले?" म्हणून हा धागा. सल्ले नंतर, आधी तुमच्यावर काय बेतलं ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करतो.

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान. १८० जोड, प्रत्येकाचे चार फोटो. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून एक्सेलच्या चौकोनांत सरळ फोटोच चिकटवले. छान दिसत होते. ऑनलाइन दुकानाला शीट सीएसव्ही फाइल करून द्यावी लागते. ती करून परत उघडलं तर सगळे गायब. सीएसव्हीत नुसती अक्षरं राहतात, चित्र नाही. शीटमध्ये फोटोचा पत्ता, म्हणजे लिंक, घालायचा आणि फोटो आधी नेटवर कुठेतरी चढवून ठेवायचा, एवढं कळायला एक रात्र गेली.

दुसऱ्या रात्री खरी मजा. आमचं ऑनलाइन दुकान शॉपिफायवर. तिथल्या शीटमध्ये एका वस्तूचे जास्तीचे फोटो खालच्या ओळींत येतात आणि त्या सगळ्या ओळींत हँडल, म्हणजे त्या वस्तूचं ओळखनाव, तेच लागतं. मी 'कापशी-१' लिहून खाली ओढलं. एक्सेलने आज्ञाधारकपणे कापशी-२, कापशी-३, कापशी-४ करून दिलं. दुकानाला वाटलं, या वेगळ्याच चपला आहेत आणि यांना नावच नाही. चुकांची यादी इतकी लांब आली की वडील म्हणाले, "अरे, गिऱ्हाइकांची यादी आहे का ही?" कंट्रोल दाबून ओढलं की आकडा वाढत नाही. हे मला पुतणीने सांगितलं, ती नववीत आहे.

हुपरीहून, चांदीचे दागिने

दादा, तुमची चूक यादीत दिसली तरी. आमच्या पैंजणांना डिझाइन नंबर असतात, ३-५, ४-८ असे. आजोबांच्या वहीपासूनचे. शीटमध्ये ३-५ टाकलं की ०३-मे होतं, ते मला दिसत होतं आणि मी म्हटलं, असू दे, आपल्याला कळतंय ना. फोटोचा पत्ता मी फॉर्म्युल्याने जोडला होता : फोल्डरचा पत्ता, पुढे डिझाइन नंबर, पुढे .जेपीजी. बाहेर काय आलं? ४५७८०.जेपीजी. एक्सेल आतल्या आत तारखेला दिवसांचा आकडा म्हणून जपतं, ३ मे २०२५ चा तो आकडा. असा फोटो आमच्याकडे कुठून असणार!

कॉलम नंतर 'टेक्स्ट' करून उपयोग नाही, तोच आकडा उघडा पडतो. रिकामा असतानाच टेक्स्ट करायचा, मग नंबर टाकायचे. आम्ही शेवटी नंबरांच्या आधी 'पै' लावला. आजोबांना अजून आवडलेलं नाही.

सावंतवाडीहून, लाकडी खेळणी

छोटंसंच. कॅमेऱ्यातून आलेल्या काही फोटोंच्या नावाशेवटी मोठ्या लिपीतलं JPG होतं, काहींच्या छोट्या लिपीतलं jpg. माझ्या लॅपटॉपला फरक पडत नव्हता, सर्व्हरला पडत होता. लाकडी भाजी दिसायची, लाकडी फळं गायब.

येवल्याहून, पैठणी

माझी चूक सांगायची लाज वाटते, पण सांगते. आमचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर. तिथे एका साडीची एक ओळ, फोटोंचे पत्ते एकाच चौकोनात स्वल्पविराम देऊन, पहिला पत्ता मुख्य फोटोचा. सोपं आहे. मी प्रत्येक साडीचा पदर, काठ, बुट्टी असे फोटो नीट लावले. शीट मोकळी दिसावी म्हणून किंमत आणि फोटो यांच्यामध्ये एक रिकामा कॉलम ठेवला. नंतर किमतीप्रमाणे क्रम लावला. एक्सेल रिकाम्या कॉलमपाशी थांबलं. नावं, नंबर, किमती हलल्या. फोटो जागच्या जागी.

एकही चूक दाखवली नाही हो! सगळे फोटो चढले, सुरेख दिसले, फक्त दुसऱ्याच साड्यांवर. आठ दिवसांनी नाशिकच्या एका ताईंचा फोन : "मी मुनिया काठ पाहून घेतली, ही तर नारळी आहे." पार्सल नंबरावरून भरलेलं, म्हणजे आमच्या लेखी बरोबरच. साडी परत आणली, येण्याजाण्याचा खर्च आम्ही दिला. आता चढवल्यावर मी आणि जाऊबाई मिळून दहा साड्या कुठूनही उघडून बघतो. ती नाव वाचते, मी काठ बघते.

पुण्याहून, पुस्तकं

ताई, तुमच्यासारखंच आमचंही गुपचूप झालं. आम्ही मुखपृष्ठांच्या फाइलींना आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-नंबराचं, नाव देतो. तेरा आकडी नंबर, शीटमध्ये दिसतो ९.७९ई+१२. तसाच सीएसव्ही केला की पुढचे आकडे खरोखरच जातात, परत उघडल्यावर नुसती शून्यं. चारशे पुस्तकं आणि सगळ्यांचा नंबर एकच! शिवाय मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं असतं, साधं सीएसव्ही नाही.

आणि फोटोच्या पत्त्याच्या जागी गूगल ड्राइव्हची शेअर लिंक टाकू नका. तिने एक पान उघडतं आणि फोटो त्या पानात असतो. दुकानाला थेट फोटो हवा. मी प्रत्येक फोल्डरमधली एक लिंक ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत उघडून बघतो. लॉगिन मागितलं किंवा भोवती बटणं दिसली की समजायचं, चढणार नाही.

सांगलीहून, हळद आणि मसाले

तुम्ही सगळे फार मोठे व्यापारी दिसता. माझे ३६ फोटो. एकेक करून टाकले, दुपारची दोन ते चार. चहा मधे एकदाच.

कोल्हापूर (धागाकर्ता)

काकू, पुढच्या वर्षी लोणची सुरू करणार म्हणालात ना? पाव किलो, अर्धा किलो, किलो?

सांगलीहून

हो रे. आणि बरण्या दोन प्रकारच्या. थांब, वही घेते. ते कंट्रोल दाबून ओढायचं परत सांग.